गार्डन रीचची टॅक्सी आणि पन्नास माउझर

स्मरणिकेसाठी यंदा ‘आपल्या भागाचे काहीतरी’ लिहा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आपल्यापैकी बरीच मंडळी रेल्वेच्या नोकरीमुळे कोलकात्यात आली आणि इथलीच झाली. मीही त्यातलाच. गार्डन रीच म्हटले की आम्हा रेल्वेवाल्यांना दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आठवते, बंगाली शेजाऱ्यांना जहाजबांधणीचा कारखाना आठवतो आणि जुन्या माणसांना मटियाबुर्जचा नबाब वाजिद अली शाह. लखनौ गेल्यावर 1856 साली तो इथे आला आणि 1887 मध्ये इथेच वारला. पण 12 फेब्रुवारी 1915 या दिवशी याच गार्डन रीचमध्ये एक टॅक्सी आली होती, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. त्या टॅक्सीविषयी लिहावे असे ठरवले.

गंमत अशी की या टॅक्सीचा आणि आपल्या गणपतीचा उल्लेख एकाच सरकारी पुस्तकात सापडतो. 1918 च्या सुरुवातीला न्यायमूर्ती रौलट यांची समिती कोलकात्यात बसली आणि त्याच वर्षी तिने हिंदुस्थानातील क्रांतिकारी कटांचा अहवाल दिला. ज्यावरून पुढे रौलट कायदा आला तोच हा अहवाल. त्याचे पहिले प्रकरण बंगालवर नाही, आपल्यावर आहे! मुंबई इलाखा, पुणे, चापेकर बंधू, शिवजयंती आणि गणपती उत्सव. आपले मेळे, लेझीम, पदे यांच्याकडे साहेब किती संशयाने पाहात होता ते त्यात वाचायला मिळते. मग पुढची बरीच पाने बंगालची, आणि त्यातच गार्डन रीच.

हा अहवाल शत्रूने लिहिलेला आहे हे लक्षात ठेवूनच वाचायला हवा. पण वाचताना एक गोष्ट मनात घर करून राहते. साहेबाला भाषणांची, पत्रकांची काळजी होतीच. पण त्याच्या खऱ्या चिंतेचा विषय होता एकच. या पोरांकडे पिस्तुले येतात कुठून?

प्रश्न साधा नव्हता. 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरला. सत्तावनच्या उठावानंतर हा देश फौजेच्या जोरावरच ताब्यात ठेवला जात होता. तोफखाना गोऱ्यांच्या हाती, दारूगोळ्याची कोठारे कडेकोट पहाऱ्यात, आणि प्रजेच्या हाती काठी. अशा देशात एखाद्या विशीतल्या मुलाला एक पिस्तूल मिळवायचे तर चार-पाच वाटा होत्या. त्या प्रत्येक वाटेवर कुठे ना कुठे मराठी माणूस भेटतो, म्हणूनही हा विषय मला जवळचा वाटतो.

पहिली वाट परदेशाची. पॅरिसमध्ये एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँबची विद्या मिळवण्याच्या खटपटीत जी मंडळी होती, त्यांत मेदिनीपूरचे हेमचंद्र दास कानूनगो होते आणि आपले पारनेरचे पांडुरंग महादेव बापटही होते. (‘सेनापती’ ही पदवी त्यांना पुढे मुळशीच्या सत्याग्रहात मिळाली.) त्या पुस्तिकेच्या नकला 1908 च्या सुमारास हिंदुस्थानात पोचल्या. कोलकात्यात माणिकतल्याच्या बागेवर मे 1908 मध्ये छापा पडला तेव्हा एक प्रत सापडली, आणि 1909 साली नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घराच्या झडतीत तशीच दुसरी. कोलकाता आणि नाशिक! दोन्ही प्रती शेजारी ठेवून ताडून पाहिल्यावर पोलिसांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले असेल याची कल्पना करा. त्याच वर्षी लंडनच्या इंडिया हाऊसमधला आचारी चतुर्भुज अमीन वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यात घालून मुंबईला उतरला. सावरकरांनी पाठवलेली ही पिस्तुले. त्यांतल्याच एकाने 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला टिपले.

दुसरी वाट आपल्या इथून लोकलने जाता येते अशा गावाची, चंद्रनगरची. तिथे राज्य फ्रेंचांचे, लिटनचा कायदा लागू नाही. फ्रान्समधून टपालाने रिव्हॉल्वर मागवावे, हुगळीच्या काठाकाठाने ते इंग्रजी हद्दीत आणावे, असा व्यवहार काही काळ चालला. मेयर तार्दिव्हेल यांनी त्यावर निर्बंध आणले तेव्हा एप्रिल 1908 मध्ये त्यांच्याच घरात बाँब टाकण्यात आला. ते बचावले, पण ती वाट मात्र अरुंद झाली.

स्फोटकांचे म्हणाल तर ती इथेच घरगुती खटपटीने होत. माणिकतल्याची बाग, मग राजाबाजारमधली खोली. ही फार जोखमीची आणि अर्ध्याहून अधिक वेळा फसणारी विद्या होती. तिचे वर्णन करण्यात मला रस नाही.

आता खरी गोष्ट. ती घडली डलहौसी स्क्वेअरच्या बाजूला, व्हॅन्सिटार्ट रो नावाच्या छोट्या गल्लीत. तिथे आर. बी. रॉडा आणि कंपनी या बंदुका विकणाऱ्या विलायती पेढीचे गोदाम होते. पेढीत श्रीशचंद्र मित्र नावाचे कारकून होते. सगळे त्यांना हाबू म्हणत. बंदरावर माल आला की कस्टम्समध्ये जाऊन कागदपत्रे दाखवायची, माल सोडवून घ्यायचा आणि गोदामात पोचवायचा, हे त्यांचे काम. आपल्यापैकी ज्यांनी मालधक्क्यावर नोकरी केली आहे त्यांना हे काम नीट माहीत आहे. साहेबाचा ज्याच्यावर विश्वास, त्याच्याकडेच ते असते.

26 ऑगस्ट 1914. युरोपात युद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. ‘टॅक्टिशियन’ जहाजातून रॉडा कंपनीच्या 202 पेट्या आल्या होत्या. हाबूबाबूंनी सगळ्या सोडवून घेतल्या, रीतसर. बैलगाड्या भरल्या. शेवटच्या गाडीवर पश्चिमेकडच्या गाडीवानाच्या वेशात हरिदास दत्त नावाचे ढाक्याकडचे क्रांतिकारक बसले होते. गाड्यांची रांग भर दिवसा, भर रस्त्यातून, लालदिघीच्या आसपासच्या सरकारी कचेऱ्यांसमोरून निघाली. 192 पेट्या गोदामात पोचल्या. उरलेल्या दहा आणतो असे सांगून हाबूबाबू बाहेर पडले, ते परत आले नाहीत. दहा पेट्या मलंगा लेनमध्ये, अनुकूल मुखर्जी आणि बिपिनबिहारी गांगुली यांच्या माणसांच्या हाती गेल्या होत्या. रॉडा कंपनीने पोलिसांना कळवले ते तीन दिवसांनी!

त्या दहा पेट्यांत 50 माउझर पिस्तुले आणि 46,000 काडतुसे होती. एका पिस्तुलाला 920 काडतुसे पडली. माउझर हे साधे पिस्तूल नव्हे. त्याची लाकडी पेटी दस्त्याला जोडली की ते बंदुकीसारखे खांद्याला लावून चालवता येई. चंद्रनगरहून चोरून आणलेल्या किरकोळ रिव्हॉल्वरच्या तुलनेत हे फारच वरचे हत्यार.

एक गोळी नाही, एक थेंब रक्त नाही. ज्या दाराने साहेबाचा माल येतो त्याच दाराने, साहेबाच्याच कागदांवर, साहेबाच्याच कारकुनाने ही शस्त्रे बाहेर काढली. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत थोर माणूस कोण वाटतो असे विचाराल तर मी हाबू मित्रांचे नाव घेईन. कदाचित मी स्वतः जन्मभर कारकुनी केली म्हणूनही असेल.

पुढे काय झाले ते रौलटच्याच आकड्यांत पाहू. पन्नासांपैकी 44 पिस्तुले जवळजवळ लगेच बंगालमधल्या नऊ वेगवेगळ्या गटांना वाटली गेली. त्यानंतरच्या 54 घटनांत ती वापरली गेली. एरवी हे गट एकमेकांशी फारसे पटवून घेणारे नव्हते. दादांचे दादांशी भांडण हा बंगालचा जुना रोग (आपल्याकडे नाही, असे मी म्हणत नाही!). पण पिस्तुले मात्र वाटून घेतली.

जाता जाता एक योगायोग. याच्या बरोबर एक महिना आधी, 26 जुलै 1914 रोजी, आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या हाऊथ बंदरात एका छोट्या शिडाच्या नौकेतून 900 रायफली उतरवल्या गेल्या. त्याही जर्मन माउझर, आणि त्याही भर दिवसा.

हत्यारे आली, आता पैसा हवा होता. माणसे लपवायची, त्यांना खायला घालायचे, काही जणांना परदेशी पाठवायचे. यतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजेच बाघा जतीन, यांच्या गटाने यासाठी धनिकांचा पैसा लुटायचे ठरवले. गार्डन रीचमध्ये बदरतल्याला साउथ युनियन जूट मिल होती, बर्ड कंपनीची. तिच्यासाठी चार्टर्ड बँकेतून काढलेले 18,000 रुपये घेऊन कंपनीची माणसे येत होती. 12 फेब्रुवारी 1915 ला टॅक्सीतून आलेल्या तरुणांनी त्यांना अडवले, पिस्तुले दाखवली आणि पैसे घेऊन त्याच टॅक्सीने निघून गेले. कोलकात्यात तोवर टॅक्सी ही नवलाईची वस्तू होती. पोलिसांकडे घोडे आणि सायकली, आणि पोरांकडे मोटार. बातमीने शहर हादरले ते त्यामुळे. या कामात पुढे होते नरेंद्रनाथ भट्टाचार्य. नाव लक्षात ठेवा.

दहाच दिवसांनी बेलियाघाट्याला तसाच दुसरा दरोडा झाला. तिथे टॅक्सीचा ड्रायव्हर मारला गेला. स्वदेशी डकैतीच्या गोष्टी आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितल्या जातात आणि त्यात हा ड्रायव्हर नेहमी गाळला जातो. तो कोणी बडा साहेब नव्हता, भाड्याने गाडी चालवणारा माणूस होता. बाघा जतीनविषयी माझ्या मनात आदर आहे, पण म्हणून त्याला गाळणे मला पटत नाही.

या फेब्रुवारीत एवढी घाई कशासाठी? कारण 21 फेब्रुवारी ही तारीख ठरली होती. इथे आपला आणखी एक माणूस येतो, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेले, गदर पक्षात शिरले आणि नोव्हेंबर 1914 मध्ये ‘सालामिस’ बोटीने कोलकात्याला उतरले. बरोबर सत्येन सेन होते. त्यांच्यामार्फत जतीन मुखर्जींची गाठ पडली, मग बनारसला रासबिहारी बोस यांच्याशी. बंगालची माणसे आणि पंजाबचे गदरवाले यांना जोडणारा दुवा म्हणजे हा मराठी तरुण.

त्यांची वाट सर्वांत धाडसी होती. पन्नास पिस्तुले कसली मोजता, ज्यांच्या खांद्यावर सरकारच्याच बंदुका आहेत त्या शिपायांनाच वळवू! लाहोर, फिरोजपूर, मीरत अशा छावण्यांतून एकाच वेळी उठाव करायचा असा बेत होता. पण किरपाल सिंग नावाचा पोलिसांचा माणूस आत शिरला होता. बेत फुटला, छावण्यांतली शस्त्रे काढून घेतली गेली. पिंगळे तरी थांबले नाहीत. 23 मार्च 1915 रोजी मीरतला बाराव्या घोडदळाच्या बराकीत ते बाँबच्या पेटीसह पकडले गेले आणि 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फाशी गेले. कर्तारसिंगांचे नाव पंजाबात घरोघर आहे. पिंगळ्यांचे नाव आपल्या किती मुलांना सांगता येईल?

शिपायांची वाट बंद झाली, मग उरली ती जर्मनीची. शत्रूचा शत्रू तो मित्र, हा हिशेब. गार्डन रीचच्या प्रकरणात पकडले गेलेले नरेन भट्टाचार्य जामिनावर सुटले आणि एप्रिल 1915 मध्ये ‘सी. मार्टिन’ हे नाव घेऊन जावामधल्या बाटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पोचले. तिथे थिओडोर हेल्फरिख या जर्मनाने सांगितले की शस्त्रांचे एक जहाज कराचीकडे निघाले आहे. नरेननी ते बंगालकडे वळवायचा आग्रह धरला. जहाजाचे नाव ‘मॅव्हेरिक’. त्यावर 30,000 रायफली, दर रायफलीमागे 400 काडतुसे आणि दोन लाख रुपये येणार होते. कोलकात्यात हरिकुमार चक्रवर्ती यांची ‘हॅरी अँड सन्स’ नावाची लुटुपुटूची पेढी होती. तिच्या नावे धंद्याची असावी अशी तार आली, आणि जून ते ऑगस्टमध्ये बाटाव्हियाहून 43,000 रुपये पाठवले गेले. त्यातले 33,000 पोलिसांना पत्ता लागण्याआधी हातात पडले.

बेत काय होता ते आम्हा रेल्वेवाल्यांनी तरी ऐकलेच पाहिजे. सुंदरबनात रायमंगलला जहाज लागणार. कोलकात्याकडे येणाऱ्या तीन मोठ्या रेल्वेमार्गांवरचे पूल उडवायचे, म्हणजे बाहेरून फौज येणार नाही. मद्रास मार्ग बालेश्वरहून जतीन सांभाळणार. ईस्ट इंडियन रेल्वेचा अजय नदीवरचा पूल सतीश चक्रवर्तींकडे. आणि आपली बंगाल-नागपूर रेल्वे, म्हणजे बीएनआर, तिच्यासाठी भोलानाथ चॅटर्जींना चक्रधरपूरला धाडले. सुटीत नागपूरला जाताना ज्या स्टेशनवर आपण चहा घेतो तेच चक्रधरपूर. कोलकात्यात नरेन आणि बिपिन गांगुली आधी आसपासची शस्त्रागारे घेणार, मग फोर्ट विल्यम.

रायमंगलला माणसे जाऊन बसली. जहाज आले की ओळखीसाठी त्यावर आडव्या ओळीत दिवे लागलेले असतील, असे ठरले होते. जूनअखेर झाला, जुलै लागला. दिवे काही दिसले नाहीत.

झाले होते असे. शस्त्रे अमेरिकेत विकत घेऊन ‘अॅनी लार्सन’ या शिडाच्या जहाजावर चढवली होती. मेक्सिकोजवळच्या सोकोरो बेटापाशी तिने ‘मॅव्हेरिक’ला गाठून माल त्यावर चढवायचा होता. दोघांची चुकामूक झाली. ‘अॅनी लार्सन’ भटकत भटकत जूनच्या अखेरीस वॉशिंग्टन राज्यातल्या होक्वियम बंदराला लागली आणि अमेरिकन सरकारने माल जप्त केला. त्यातल्या रायफली सुमारे आठ हजार, त्याही जुन्या. कुठे सांगितलेल्या तीस हजार आणि कुठे या! ‘मॅव्हेरिक’ रिकामेच जावाला पोचले. पुढल्या वर्षी आयरिश मंडळींचेही तेच झाले. वीस हजार रायफली घेऊन आलेले जर्मनीचे ‘ऑड’ जहाज ईस्टरच्या उठावाच्या तोंडावर, एप्रिल 1916 मध्ये, इंग्रज आरमाराच्या हाती लागले आणि कप्तानाने ते बुडवले.

जर्मनांनी फसवले असे काही जण लिहितात. माझे मत थोडे वेगळे आहे. त्यांना हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची तळमळ नव्हती, इंग्रजांना इथे गुंतवून ठेवायचे होते. आणि तेवढ्यासाठी जेवढी काळजी माणूस घेतो तेवढीच त्यांनी घेतली. व्हॅन्सिटार्ट रोमधल्या कारकुनाने पेट्या मोजून घेतल्या होत्या. सोकोरोच्या बेटापाशी तसे मोजून घेणारे आपले कोणी नव्हते.

7 ऑगस्टला ‘हॅरी अँड सन्स’वर छापा पडला. तिथून माग काढत पोलीस बालेश्वरच्या ‘युनिव्हर्सल एम्पोरियम’ या दुकानापर्यंत आणि तिथून मयूरभंजच्या जंगलातल्या कप्तिपदापर्यंत पोचले. 9 सप्टेंबर 1915 रोजी बुडीबालम नदीजवळ चाषाखंडला पाच जणांनी पोलिसांच्या मोठ्या तुकडीला तोंड दिले. त्यांच्या हातात होती रॉडाची माउझर. तीस हजार रायफलींची वाट पाहिली, आणि शेवटी हाताशी राहिली ती कोलकात्याच्या बैलगाडीतून आलेलीच. चित्तप्रिय रायचौधुरी तिथेच पडले. जतीन दुसऱ्या दिवशी बालेश्वरच्या इस्पितळात गेले. मनोरंजन सेनगुप्त आणि निरेंद्र दासगुप्त फाशी गेले, ज्योतिष पाल यांना जन्मठेप झाली. बालेश्वरवरून गाडी जाते तेव्हा मी आजही खिडकीशी बसतो.

गार्डन रीचच्या टॅक्सीवाल्या नरेनचे काय झाले? शस्त्रे शोधत ते पुन्हा पूर्वेकडे गेले, जपान-चीन करत 1916 मध्ये अमेरिकेत पोचले आणि तिथे त्यांनी नाव बदलले. ते नवे नाव मानवेंद्रनाथ रॉय. होय, तेच एम. एन. रॉय, ज्यांच्या विचारांनी पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखी मराठी माणसे भारावली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेपासून बदरतल्याच्या जूट मिलपर्यंत असा हा धागा येतो.

शस्त्रांची तहान मात्र भागली नाही. 18 एप्रिल 1930 ला चितगावला सूर्य सेन यांच्या मुलांनी खुद्द शस्त्रागारच घेतले. रायफली हाती आल्या, काडतुसे मिळाली नाहीत. साहेबाने ती वेगळी ठेवली होती. 1878 पासून तो हाच धडा गिरवत होता.

आणि हाबू मित्र? रॉडाची पिस्तुले पोलीस वर्षानुवर्षे शोधत राहिले. 1918 मध्ये रौलटचा अहवाल छापला गेला तोवर पन्नासांपैकी 31 परत मिळाली होती, 19 बेपत्ता होती. हाबूबाबू त्या 26 ऑगस्टलाच शहर सोडून उत्तर बंगालमध्ये रंगपूरकडे गेले. तिथून पुढे त्यांचा माग पोलिसांना लागला नाही, त्यांच्या साथीदारांनाही नाही, आणि ते घरीही कधी परतले नाहीत.